दवाखाना फुकट, आजारपण नाही

माननीय संपादक,
स. न.

गंभीर आजारांच्या विम्यावरचा (ठरावीक आजाराचं निदान झालं की एकरकमी पैसे देणाऱ्या) आपल्या अर्थपुरवणीतला लेख वाचला. हॉस्पिटलचं बिल परवडत नाही म्हणून हा विमा घ्या, हे त्यातलं कारण आमच्या घराला लागूच पडत नाही. माझे मिस्टर तोफखान्यात हवालदार आहेत, सतरा वर्षं झाली. त्यांच्यावर, माझ्यावर, मुलांवर एमएचमध्ये, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलात, उपचार होतात आणि बिल येत नाही. म्हणून फौजी माणसाला असला विमा कशाला, असं मीही कित्येक वर्षं म्हणत होते.

डोळे उघडले ते दिरांच्या आजारपणात. तेही हवालदारच. चोवीस वर्षं भरत आलेली, दोन वर्षांच्या एक्स्टेन्शनचे (मुदतवाढीचे) कागद गेलेले. छातीत दुखायला लागलं, पुण्याला मिलिटरी हॉस्पिटलात दोन स्टेंट बसले. उपचार उत्तम झाले, आमचा खर्च एसटीचा आणि डब्यांचा. पण मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीवरून लष्कर देतं ती श्रेणी, खाली आली आणि एक्स्टेन्शन गेलं. पेन्शन मूळ पगाराच्या निम्मी. त्यात घराचे हप्ते चालू. आजाराने त्यांचा बँक बॅलन्स खाल्ला नाही, दोन वर्षांचा पगार खाल्ला.

त्यांच्याकडे दहा लाखांची पॉलिसी होती. कंपनीने दावा नाकारला. हार्ट अटॅक आला नव्हता, ब्लॉकेज होतं. आणि बायपासच्या व्याख्येतून अँजिओप्लास्टी, म्हणजे स्टेंट बसवणं, सरळ वगळलेली. कंपनीला बोल लावता येईना. कागदावर छापलेलंच होतं, आम्ही कुणी वाचलं नव्हतं.

मी पतसंस्थेत कारकून आहे, अटी वाचायचाच पगार घेते. म्हणून यंदा मिस्टर सुट्टीवर आले तेव्हा मी तीन पॉलिसी पुढ्यात घेऊन बसले. 'बत्तीस आजार', 'चाळीस आजार' अशी मोठी जाहिरात. पण त्यात कोमा, लकवा, गंभीर भाजणं, हातपाय गमावणं हेही धरलेलं असतं, आणि तीनपैकी दोन पॉलिसींत युद्ध व सैनिकी कारवाईतून झालेलं काहीही वगळलेलं. सीमेवरच्या माणसाला या गोष्टी कशाने होणार? मी पेन्सिलने त्या खोडल्या. उरला कॅन्सर, हृदय, किडनी, मेंदूचा झटका. मग त्या चार-पाचांच्याच व्याख्या नीट वाचल्या. पॉलिसी घेतल्यावर पहिले ९० दिवस काही मिळत नाही, आणि निदानानंतर बहुतेक ठिकाणी ३० दिवस जगावं लागतं, हेही तेव्हाच कळलं. (हे वाक्य मिस्टरांनी मोठ्याने वाचलं आणि हसले. मला हसू आलं नाही.)

मृत्यू आणि अपंगत्वासाठी पगारातून एजीआयएफची (लष्कराच्या सामूहिक विमा निधीची) कपात होतेच. तेव्हा एवढंच विचारलं, कॅटेगरी गेली तर किती महिन्यांचा किती पगार बुडेल? तेवढीच रक्कम घ्यायची. दवाखान्याचा खर्च त्यात धरायचाच नाही.

आता एजंटांबद्दल. एका गृहस्थांनी फॉर्मवर व्यवसाय 'नोकरी' असा मोघम लिहिला. दोन वर्षांपूर्वी बीपीमुळे मिस्टरांना टेंपररी (तात्पुरती खालची) कॅटेगरी मिळाली होती, ते सांगितलं तर म्हणाले, "वहिनी, मिलिटरीचे कागद कंपनीला कुठे मिळतात?" मिळतात. दाव्याच्या वेळी आपल्यालाच मेडिकल बोर्डाचे (कॅटेगरी ठरवणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाचे) कागद जोडावे लागतात, आणि त्यावर पहिल्या दिवसापासूनची सगळी नोंद असते. मी फॉर्म फाडला. दुसऱ्यावर हुद्दा, युनिट फील्डमध्ये (सीमेवरच्या भागात) असल्याचं आणि बीपी, तिन्ही लिहून दिलं. हप्ता थोडा वाढला, वाढू दे.

माझा भाचा अग्निवीर आहे. त्याला ४८ लाखांचं विमाकवच आहे, पण ते मृत्यूनंतरचं. चार वर्षांनी घरी आला तर पेन्शन नाही, ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजनाही नाही. वीस-एकविशीत, तब्येत ठणठणीत असताना घेतलेली पॉलिसी घरी आल्यावरही त्याच्याजवळ राहील. तो म्हणतो, आधी बुलेट.

आपल्या स्तंभलेखकांनी एकदा आमच्यासाठीही लिहावं. मेडिकल बोर्ड म्हणजे काय, कॅटेगरीने पगाराचं काय होतं, हे धरून. आपला पेपर आमच्या आळीत नऊ घरी येतो, त्यातल्या पाच घरांत वर्दी टांगलेली आहे.

आपली,
एक जवानपत्नी, कोरेगाव, जि. सातारा
(मिस्टर नोकरीत आहेत, नाव छापू नये.)