आराखड्यात पुढच्या गाडीची वेळ लिहा

महोदय,

राज्यातल्या रेल्वेच्या पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा विषय निघाला की वर्तमानपत्रात नकाशा येतो. झालेल्या मार्गाची सलग रेघ, होणाऱ्या मार्गाची तुटक रेघ. असे नकाशे मी कापून ठेवतो. पण गाडीतून उतरलेल्या माणसाला पुढची गाडी किती वाजता मिळेल, हे आजवर एकाही नकाशात दिसलेले नाही. एसटीत माझी एकतीस वर्षे नोकरी झाली, त्यातली शेवटची चौदा वाहतूक नियंत्रक म्हणून. म्हणून माझी नजर आधी त्या वेळेवर जाते.

एका आगारात असताना आमचे बसस्थानक रेल्वे स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर होते. संध्याकाळची पॅसेंजर पावणेसातला यायची आणि आमची शेवटची मुक्कामी गाडी सातला सुटायची. पॅसेंजरला उशीर झाला की स्टेशन मास्तरांचा फोन यायचा, “वीस मिनिटं थांबवा, चाळीसेक माणसं आहेत.” मी गाडी थांबवायचो. चालक-वाहक कुरकुरायचे, कारण मुक्कामाच्या गावी पोचून त्यांना जेवायचे असे. पण कॉलेजच्या मुली, रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या भाजीवाल्या बायका, दवाखान्यातून आलेली म्हातारी माणसे त्या गाडीने घरी जायची. ही व्यवस्था कुठल्याही कागदावर नव्हती. माझी बदली झाली, पुढे मास्तरांचीही झाली आणि दोन महिन्यांत ती मोडली. बस ठरल्याप्रमाणे सातला सुटू लागली. चूक कोणाचीच नव्हती. त्या मुलींपैकी एकीने दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडल्याचे तिच्या वडिलांनी मला पुढे बाजारात सांगितले. ती वीस मिनिटे मी लेखी का करून घेतली नाहीत, ही रुखरुख अजून आहे.

दोन वर्षांपूर्वी हाच अनुभव प्रवासी म्हणून आला. पत्नीच्या डोळ्यांची तपासणी करून परत निघालो होतो. एका जंक्शनवर गाडी बदलायची होती. आमची पॅसेंजर आउटर सिग्नलला उभी राहिली आणि पलीकडच्या रुळावरून आम्हाला हवी असलेली गाडी निघून गेली. घड्याळ पाहिले, नऊ मिनिटांनी चुकली होती. पुढची गाडी साडेचार तासांनी. डोळ्यांत औषध घालून बसलेल्या माणसाला फलाटावर साडेचार तास म्हणजे काय, हे आराखडे करणाऱ्यांना कळावे म्हणून लिहितो आहे.

महाराष्ट्रातली रेल्वे एका हातात नाही. मनमाड, दौंड, कुर्डुवाडी मध्य रेल्वेत. परभणी, पूर्णा दक्षिण मध्य रेल्वेत. नंदुरबार पश्चिम रेल्वेत. गोंदिया दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत. रत्नागिरी कोकण रेल्वेवर. प्रत्येक जण आपापल्या हद्दीतल्या गाड्या पाहतो. अकोल्याला किंवा मनमाडला दोन हद्दी मिळतात, तिथे प्रवाशाची वेळ पाहणारे कोण? हे काम राज्याचे आहे, कारण प्रवासी राज्याचा आहे आणि पैसाही राज्य घालते.

अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ साली मंजूर झाला आणि त्याचा निम्मा खर्च राज्य उचलते. बीडला गाडी पोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. त्या दिवशी टीव्हीसमोर माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. पण निम्मा खर्च करणाऱ्या राज्याने फेऱ्या किती, कोणत्या वेळी आणि अहिल्यानगरला पुण्याकडची व मनमाडकडची गाडी किती मिनिटांत मिळेल, हेही करारातच ठरवून घ्यायला हवे. वर्धा-यवतमाळ-नांदेडचा २८४ किलोमीटरचा मार्ग अजून तयार होतो आहे. त्याच्या बाबतीत हे आताच करता येईल.

यात अशक्य काही नाही. मुंबईत रेल्वे आणि राज्य यांचे भागभांडवल असलेले रेल्वे विकास महामंडळ १९९९ पासून आहे. कोकण रेल्वे महामंडळ १९९० साली उभे राहिले, तेव्हा राज्याने २२ टक्के वाटा उचलला. उरलेल्या महाराष्ट्राच्या गाड्यांसाठी अशी एकत्र बसण्याची जागा का नसावी?

स्वित्झर्लंडने हे उलट्या टोकाने केले. १९८७ साली तिथे मतदान घेऊन ‘रेल्वे २०००’ची योजना मंजूर झाली. आधी वेळापत्रक, मग रूळ. मोठ्या स्टेशनांत गाड्या ठरावीक वेळी एकत्र याव्यात आणि माणसे बदलून झाली की आपापल्या दिशेला निघाव्यात, असे ठरले. त्यासाठी झुरिक-बर्न प्रवास तासाच्या आत बसायला हवा होता, म्हणून तेवढ्यापुरता नवा मार्ग बांधला. जिथे गरज नव्हती तिथे वेगावर पैसा घातला नाही.

आपल्याकडे हाच हिशेब एकेरी मार्गावर लागतो. समोरून एक्स्प्रेस आली की पॅसेंजर तिला वाट देण्यासाठी लूपवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, जाते आणि जंक्शनची वेळ हुकते. छत्रपती संभाजीनगर-परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला २०२५ च्या जुलैत मंजुरी मिळाली, फार चांगले झाले. पण दुहेरीकरण टप्प्याटप्प्यानेच होते. कोणता टप्पा आधी, हे परभणीला परळीची आणि पूर्णेला हिंगोली-अकोल्याची गाडी कशी सापडेल, यावरून ठरवा.

माझे म्हणणे एवढेच, की राज्याच्या आराखड्याचे पहिले पान जंक्शनांच्या तक्त्याचे असावे: मनमाड, पूर्णा, परभणी, दौंड, कुर्डुवाडी, मिरज, अकोला. प्रत्येक ठिकाणी कोणती गाडी कोणत्या गाडीसाठी किती मिनिटे थांबेल आणि शेवटच्या पॅसेंजरनंतर कोणती एसटी सुटेल, हे लेखी असावे. माणसे बदलली तरी ते चालू राहिले पाहिजे. कोविडनंतर गेलेले लहान थांबेही याच तक्त्यात पुन्हा तपासावेत.

परभणी आणि पूर्णेचा असा तक्ता मी चार ड्रॉइंग शीट जोडून काढला आहे. गाड्या निळ्या शाईने, बस लाल शाईने. आराखड्याचे काम करणाऱ्या कोणालाही हवा असेल, तर मी तो घेऊन सांगाल तिथे येईन.

– एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, परभणी