कुत्रं चालेल की नाही, ते आधी सांगा: पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

कुत्रं घेऊन प्रवासाला निघणाऱ्याला खोलीचं भाडं नंतर सुचतं. आधी प्रश्न येतो, "कुत्रं चालेल का?" याचं उत्तर कुठेही लिहिलेलं नसतं. एका ठिकाणी आम्हाला फोनवर मॅनेजर "आणा की" म्हणाला आणि दारात वॉचमनने अडवलं. रात्री नऊला दुसरी खोली शोधत फिरलो.

नकाराबद्दल तक्रार नाही. काही ठिकाणी नकारच योग्य. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात किंवा कुठल्याही अभयारण्यात पाळीव कुत्रं नकोच. 2018 मध्ये गीरच्या सिंहांना झालेला कॅनाइन डिस्टेंपर हा विषाणूजन्य आजार कुत्र्यांमध्येही सर्रास आढळतो. कोकण किनाऱ्यावर वेळास-आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं अंडी घालतात आणि ती घरटी कुत्री उकरतात. तिथे हंगामात सरळ बंदी घाला, पण फलक गाडी लावायच्या जागेवरच असू द्या. वाळूत उतरल्यावर शिट्टी वाजवून काय उपयोग?

आता अलिबागचं घ्या. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या, गाड्याही नेणाऱ्या रो-रो बोटीत कुत्र्याचं तिकीट काढता येतं. म्हणजे समुद्र ओलांडेपर्यंत सगळं नियमात. अलिबागच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत घोडागाड्या जातात. त्याच वाळूवर सकाळी सातच्या आत, पट्टा लावून कुत्रं फिरवलेलं चालतं का? एक सांगतो हो, दुसरा काठी उगारतो.

रस्त्यावरचे थांबे हा तर वेगळाच ताप. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. एवढ्या वाटेत कुत्र्याला दर दोन-तीन तासांनी उतरवावंच लागतं. फूड मॉलसमोर बहुतेक सगळीकडे पेव्हर ब्लॉक. एप्रिलच्या दुपारी त्यांवर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला सोसवत नाही, तर त्याच्या पंजाला कसं सोसेल? गाडीत ठेवावं, तर काचा बंद केल्यावर काही मिनिटांत आत भट्टी पेटते. म्हणून घरातली माणसं पाळीपाळीने जेवतात. शिवाय थांब्यावरच्या भटक्या कुत्र्यांची हद्द ठरलेली असते, नवं कुत्रं उतरलं की टोळी धावून येते. झाडाखाली कुंपण घातलेला मातीचा तुकडा, पाण्याचा नळ आणि एक कचरापेटी, एवढ्यावर भागेल. महामार्ग आपल्या खात्याचे नाहीत, हे ठाऊक आहे. पण शब्द टाकणं तरी आपल्या हातात आहे.

आपल्याच खात्याचं काम त्याहून सोपं. न्याहारी-निवास योजनेत घरं नोंदवली जातात, 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखाली शेतघरं नोंदवली जातात. त्या अर्जात एक रकाना वाढवा: पाळीव प्राणी चालतात का? हो, नाही किंवा फक्त अंगणात. जादा पैसे घेणार असाल तर किती, तेही तिथेच. ज्याच्या गोठ्यात गाय व्यालेली आहे, परसात कोंबड्या आहेत, तो "नाही" लिहील आणि ते बरोबरच आहे. या रकान्याशेजारी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचं नाव असावं. कोकणात गोचीड आणि साप दोन्ही भेटतात, आणि अनोळखी गावात रात्री डॉक्टर शोधणं म्हणजे काय, ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच विचारा.

आम्हालाही बांधून घ्या. रेबीजच्या लसीचा दाखला दारातच मागा, पट्टा सक्तीचा करा. विष्ठा तशीच टाकून जाणारे आमच्यातही आहेत आणि बरीचशी दारं त्यांच्यामुळेच बंद झाली आहेत. त्यांच्याकडून दंड घेताना अजिबात दयामाया दाखवू नका.

अर्जातला रकाना दिवाळीच्या आरक्षणाआधी वाढवता येईल का, तेवढं कळवावं.

आपला,
पुण्याहून एक प्रवासी