खानापूरच्या अक्कांना, ज्यांनी मला कॅप्सूल विकली नाही

अक्का, नमस्कार.

तुम्ही मराठी आमच्यासारखंच बोलता, पण वाचताना जरा अडखळता, हे तुम्हीच मला सांगितलंय. लेकाकडून वाचून घ्या. तुमच्या औषधांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या गर्दीत चार शब्द धड बोलता येत नाहीत, आणि मला तर पुष्कळ बोलायचंय.

2023 चा मार्गशीर्ष होता. नेहमीसारखा मी तुमच्या काउंटरपाशी आलो आणि बी-कॉम्प्लेक्सच्या दोन पाकिटांसाठी पैसे पुढे केले. तुम्ही पाकिटं काढलीत, माझ्याकडे बघितलंत आणि परत फळीवर ठेवलीत. म्हणालात, "अण्णा, दोन वर्षं झाली तुम्ही हेच नेताय. तोंड बरं होत नाही म्हणजे बाधा दुसरीकडे आहे. आज मी देणार नाही."

खरं सांगतो, त्या क्षणी राग आला होता. खालच्या ओठाच्या आत एक, जिभेच्या कडेला दोन, गालात एक असे फोड होते. मधे पांढरट-पिवळं, भोवती लालभडक कडं. भाकरीचा तुकडा लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं. आठ-दहा दिवसांत बसायचे आणि पंधरवडा जायच्या आत नवे उठायचे. घरी सगळे म्हणायचे उष्णता आहे. जाईचा पाला चघळला, तूप लावलं, सब्जा भिजवून प्यालो, ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरली. तेवढ्यापुरतं गार वाटायचं.

आमच्या गावच्या भजनी मंडळात चाल मी म्हणतो. तोंड आलेलं असलं की 'विठ्ठल' म्हणतानाच जीभ दातांवर घासते. काकड्याला मी नुसते टाळ धरून मागे बसायला लागलो होतो. ते दुःख फोडांपेक्षा मोठं होतं, आणि तुम्हाला सोडून ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

तुम्ही स्टूल पुढे ओढलंत आणि विचारायला लागलात. फोड दर वेळी नव्या जागी येतो की एकाच जागी बसून राहतो? बोट लावलं तर कडक लागतो का? तंबाखू, गुटखा, मावा? मी म्हणालो, जागा बदलते, मऊच असतो, तंबाखू नाही. तुम्ही सुस्कारा टाकलात. निपाणीकडच्या तुमच्या माहेरात तंबाखूपायी काय काय बघावं लागलं ते तुम्ही थोडक्यात सांगितलंत. एकाच जागचा फोड तीन आठवडे भरला नाही, तर एक दिवसही न थांबता डॉक्टरांना दाखवायचं, हे तेव्हापासून मी मंडळातल्या प्रत्येकाला सांगतो.

मग विचारलंत, जेवता काय, दूध पिता का, दुसरी कुठली गोळी चालू आहे का? हा प्रश्न तोवर कुणीच विचारला नव्हता. चार वर्षं मी रोज सकाळी उपाशीपोटी गॅसची गोळी घेत होतो. कुणीतरी एकदा लिहून दिली होती, ती थांबवायचं कुणी सांगितलं नाही आणि मलाही सुचलं नाही. दूध सगळं डेअरीला जायचं. घरात राहायचं ते चहापुरतं.

आणि माळ. 2016 च्या कार्तिकीला पंढरपुरात माळ घातली, तेव्हापासून मासे-मटण बंद. तोंडाचा त्रास सुरू झाला 2021 मध्ये. मी म्हणालो, माळेचा काय संबंध, मधे पाच वर्षं गेली की! त्यावर तुम्ही जे समजावलंत ते मला आजही तोंडपाठ आहे. बी ट्वेल्व हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात, डाळीत, भाकरीत नसतं. मांस, मासे, अंडी, दूध, दही यांतूनच येतं. शरीर त्याचा साठा यकृतात ठेवतं आणि तो साठा वर्षानुवर्षं पुरतो. म्हणून नुकसान उशिरा दिसतं. त्यात अन्नातलं बी ट्वेल्व सुटं व्हायला पोटात आम्ल लागतं, आणि माझी गोळी नेमकं तेच आम्ल दाबत होती. लोह अंगी लागायलाही आम्ल लागतं. वर जेवणावर लगेच कडक चहा, तोही लोह अडवतो. तोंडाच्या आतली कातडी सारखी नवी होत असते, म्हणून कमतरता तिथे लवकर उघडी पडते.

माझा जीव घाबरा झाला होता, अक्का. वाटलं, आता तुम्ही म्हणणार, माळ काढा, अंडी खा. तुम्ही माझ्या गळ्याकडे बघून म्हणालात, "माळेला हात लावायचं काही कारण नाही. दूध-दही घरात ठेवा, आणि जे कमी पडेल त्याला औषध आहे." शिवाय हळू आवाजात सांगितलंत की कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं, ते जनावरांच्या हाडाकातड्यांपासून करतात, तेव्हा माळकऱ्याने गोळी किंवा इंजेक्शन मागावं. तुम्ही लिंगायत, आमची माळ तुमच्या घरची नाही. तरी तिची काळजी तुम्ही माझ्याइतकीच केलीत.

कागदी पिशवीच्या मागे तुम्ही रक्ताच्या चार तपासण्यांची नावं लिहून दिलीत: सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, फेरिटिन, बी ट्वेल्व, आणि फोलेट म्हणजे फोलिक ॲसिड. औषध मात्र दिलं नाही. ते डॉक्टर ठरवतील, म्हणालात, आणि गॅसची गोळीही त्यांना विचारूनच बंद करायची. ती पिशवी खिशात घालून मी बेळगावला गेलो.

हिमोग्लोबिन 10.2 आलं. पुरुषाला ते 13 च्या वर हवं. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, 8. बी ट्वेल्व 140, साधारण 200 च्या खाली गेलं की कमतरता धरतात. आधीही एकदा माझी रक्ततपासणी झाली होती. तेव्हा तांबड्या पेशींचा आकार ठीक आहे म्हणून नुसतं टॉनिक मिळालं होतं. बेळगावच्या डॉक्टरांनी त्यातली मेख दाखवली. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, बी ट्वेल्व कमी पडलं की मोठ्या. दोन्ही एकदम कमी असलं तर सरासरी बरोबर दिसते, आणि आजार कागदावरून निसटतो. तळपायाला मुंग्या येत होत्या, त्याही यातल्याच. नुसतं फोलिक ॲसिड घेत राहिलो असतो तर रक्त सुधारल्यासारखं दिसलं असतं आणि नसांचं बिघडत गेलं असतं.

पुरुषात लोह इतकं कमी असलं तर आत कुठे रक्त जातंय का ते बघावंच लागतं, असं म्हणून त्यांनी शौचाची तपासणी केली, दुर्बीणही घातली. जखम कुठे नव्हती. मग बी ट्वेल्वची इंजेक्शनं, लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, चहा जेवणानंतर तासाभराने. गॅसची गोळी त्यांनी हळूहळू कमी करत थांबवली.

घरात बदल झाला तो बायकोमुळे. सकाळचं एक लिटर दूध तिने डेअरीला घालायचं बंद केलं. रोज दही लागतं, दुपारी नाचण्याची आंबील ताकात, रात्री मेथी नाहीतर लाल भाजी, वर लिंबू. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी तिनेच विचारलं, "तोंड शेवटचं कधी आलं होतं हो?" मला आठवेना. पायाच्या मुंग्या जायला मात्र आठ महिने लागले.

माझ्यासारखंच सगळ्यांचं असेल असं नाही. आमच्या मृदंगवाल्या पोरालाही वरचेवर तोंड यायचं, त्याचं रक्त अगदी चांगलं निघालं. त्याला डॉक्टरांनी वेगळं औषध दिलं. पण त्याने आधी तपासून घेतलं, ते तुमच्यामुळे.

दोन पाकिटं विकली असती तर त्या दिवशी तुमचे पैसे झाले असते आणि मी खूश होऊन गेलो असतो. मागे तीन गिऱ्हाइकं उभी होती, एकजण कुरकुरत होता. त्याला तुम्ही कन्नडमध्ये काहीतरी म्हणालात. त्यातलं मला 'बाई हुण्णु' एवढंच कळलं, तोंडातला फोड. तो गप्प झाला आणि तुम्ही पुन्हा माझ्याकडे वळलात.

गेल्या कार्तिकात महिनाभर काकड्याला पहिली चाल मी म्हटली. पहाटे साडेचारला, थंडीत, एकही दिवस न चुकता. तुम्ही ऐकायला यावं अशी फार इच्छा आहे. मंदिर रस्त्यालगतच आहे, घरचे सगळे या. परवा रक्त तपासायला खानापुरात येतोय, तेव्हा दह्याचं मडकं घेऊन येतो. ते मात्र नको म्हणू नका.

तुमचा,
भजनी अण्णा