स्मोक्ड पोर्टरची पारख केवळ धुरावरून नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘स्मोक्ड पोर्टर’ या काळ्या, धुरकट बिअरविषयी जे छापून आले, त्यासंबंधी हे पत्र आहे. लेखकाने बाटली फ्रीजमधून काढल्याबरोबर ग्लासात ओतली, एक घोट घेतला, ‘जळका वास’ असा शेरा मारला आणि पाचपैकी एक तारा देऊन विषय संपवला. एखादे पेय न आवडणे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण वर्तमानपत्रातून गुण दिले जातात तेव्हा ती परीक्षा ठरते आणि परीक्षेला रीत लागते. पुण्यात बिअर बनवण्याच्या व्यवसायात चव तपासण्याचे काम मी बरीच वर्षे केले असल्यामुळे ही रीत मांडणे मला आवश्यक वाटते.

स्मोक्ड पोर्टर ही आधी पोर्टर, म्हणजे भाजलेल्या मॉल्टची गडद बिअर आहे, मग धुरकट. अंकुर फुटवून वाळवलेल्या सातूला, म्हणजे मॉल्टला, लाकडाची धुरी देतात आणि तो मॉल्ट पोर्टरच्या बाकीच्या मॉल्टमध्ये मिसळतात. त्यामुळे परीक्षकाने पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की धूर बाजूला ठेवला तर खाली चांगली पोर्टर उरते का? चॉकलेट, कॉफी, करपण्याच्या अलीकडचा कॅरॅमल, किंचित गोडवा आणि शेवटी स्वच्छ कडूपणा हे सारे जागेवर असेल आणि धूर त्यात मिसळून गेला असेल, तर ती बिअर चांगली. नुसता धूरच लागत असेल, तर तो कितीही सुवासिक असला तरी गुण कमीच द्यावे लागतात. अमेरिकेतील बीजेसीपी ही परीक्षकांची संस्था ५० गुणांची पत्रिका वापरते. तीत गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १० गुण असतात. धुरकट बिअर स्पर्धेत पाठवणाऱ्याने तिच्या मुळाशी कोणता प्रकार आहे हे आधी सांगावे, असा नियमही या संस्थेने केला आहे. ते ठाऊक नसेल तर परीक्षक धूर तोलणार तरी कशाशी?

लेखात या चवीला ‘नवा फॅशनेबल प्रयोग’ म्हटले आहे, तेही बरोबर नाही. पोर्टर अठराव्या शतकात लंडनच्या हमालांमध्ये आणि कष्टकऱ्यांमध्ये रुजली. तेव्हाचा तपकिरी मॉल्ट लाकडाच्या जाळावर वाळवला जाई आणि थोडाफार धूर त्यात उतरतच असे. पुढे धूर न लागू देणाऱ्या भट्ट्या आल्या. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर याने मॉल्ट भाजण्याच्या फिरत्या पिंपाचे पेटंट घेतले, त्यामुळे थोड्याशा काळ्या मॉल्टमध्ये पोर्टरचा रंग साधू लागला आणि धूर मागे पडला. जर्मनीतील बाम्बर्ग शहरात मात्र बीच लाकडाच्या धुरीवरचा मॉल्ट कधीच सुटला नाही. अलास्कातील जूनो येथे १९८८ मध्ये अलास्कन ब्रुअरीने पहिली स्मोक्ड पोर्टर काढली, ती तिथे सामन मासा ज्या ऑल्डर लाकडावर धुरावतात त्याच लाकडाच्या धुरीची. तिच्या बाटलीवर वर्ष छापलेले असते, कारण ती ठेवली की बदलत जाते.

आता ‘जळका’ या शेऱ्याविषयी, कारण माझा खरा आक्षेप तिथे आहे. पोर्टरमध्ये जळकेपणा दोन वाटांनी येऊ शकतो. लाकडातील लिग्निन तापून फुटते तेव्हा ग्वायकॉलसारखी द्रव्ये सुटतात आणि धुराचा वास मुख्यतः त्यांचा असतो. खूप भाजलेल्या काळ्या मॉल्टची राखेसारखी कडू, कोरडी चव ही वेगळी गोष्ट आहे. या दोहोंतला फरक घरच्या घरी ओळखता येतो. नाक चिमटीत धरून घोट घ्यावा. भाजलेल्या मॉल्टचा कडूपणा जिभेवर तसाच राहतो, पण धूर जवळपास नाहीसा होतो. चिमटी सोडून नाकाने श्वास बाहेर टाकला, की धूर मागून वर येतो. लेखकाने एवढे केले असते, तर दोष धुराचा की भाजणीचा, हे त्यांना वाचकांना सांगता आले असते. रबर, आयोडीन किंवा दवाखान्यातील पट्टीसारखा वास आला तर तो खरा दोष होय. बनवताना वापरलेल्या पाण्यात क्लोरीन राहिले, तर ते फिनॉल जातीच्या द्रव्यांशी (धुराची ग्वायकॉलसारखी द्रव्ये याच जातीची) जुळून असा वास देते. म्हणूनच चवीपूर्वी ग्लास ब्लीचिंगचा वास मारणाऱ्या नळाच्या पाण्याने विसळून तसाच घेऊ नये, नाहीतर ग्लासाचा दोष बिअरच्या माथी बसतो.

तापमानाचेही तेच. सोलापूरच्या उन्हाळ्यात बर्फगार ग्लासाचा मोह कोणालाही होईल, पण चार-पाच अंशांवर गंध दबतो आणि कडूपणा तेवढा पुढे येतो. ही बिअर दहा ते तेरा अंशांच्या आसपास चाखावी. ग्लास अर्ध्याहून कमी भरावा, आधी नुसता वास घेऊन तो लगेच लिहून ठेवावा, कारण नाक धुराला फार लवकर सरावते आणि पाच मिनिटांनी तोच धूर निम्मा वाटू लागतो. एकाच बैठकीत इतर बिअर असतील तर हिला शेवटी घ्यावे. दोन घोटांच्या मध्ये पाणी आणि मीठ न घातलेल्या ज्वारीच्या कडक भाकरीचा तुकडा उत्तम. शेंगाचटणी मात्र त्या वेळी ताटात नको, तिच्यातील लसूण आणि तिखट पुढे कशाचाच अंदाज येऊ देत नाही.

धुराची पारख आपल्या जिल्ह्याला शिकवावी लागू नये. आगटीतून काढलेला हुरडा हातावर चोळून तोंडात टाकताना आपण गोवरीच्या धुराला दोष देत नाही; दाण्याचा दुधाळ गोडवा त्या धुरातून लागतो की नाही, हेच पाहतो. कणीस जास्त वेळ राहिले आणि दाणा करपला, तर तो हुरडा आपण बाजूला सारतो. स्मोक्ड पोर्टरलाही हाच न्याय लावावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

यापुढे पुरवणीत अशा पेयांना तारे द्यायचे असतील, तर पेयाचे तापमान, बाटलीवरील वर्ष, मूळ प्रकार आणि धुराचे लाकूड या चार गोष्टी लेखासोबत अवश्य छापाव्यात, ही विनंती. आपल्या लेखकांनी दोन बाटल्या आणल्याचे लिहिले आहे. दुसरी अजून उघडली नसेल, तर ती अंधाऱ्या, थंड जागी उभी ठेवावी, चाखण्याच्या दिवशी वीस-पंचवीस मिनिटे आधी फ्रीजबाहेर काढावी आणि पहिला शेरा न वाचता नव्याने गुण द्यावेत. ते पहिल्याइतकेच कमी आले, तरी कारणांसह छापावेत. मी ते मान्य करीन.

आपला,
एक नियमित वाचक,
सोलापूर