उठावाआधीचं युद्ध

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटिशांच्या हिंदी नौदलातल्या नाविकांच्या १९४६ च्या उठावावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. चांगला आहे. १८ फेब्रुवारीला मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या तळावर झालेली सुरुवात, निकृष्ट जेवण, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या, सगळं त्यात आलंय. पण या पोरांनी त्याआधी काय केलं होतं, ते ‘युद्धकाळात भरती झालेले’ एवढ्या तीन शब्दांत उरकलंय. माझा मामा त्या तीन शब्दांतला, म्हणून हे पत्र.

मामा दापोली तालुक्यातला. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचं नौदल म्हणजे जेमतेम दोनेक हजार माणसं, त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातले खलाशी, विशेषतः कोकणी मुसलमान, पुष्कळ. मोहल्ल्यातला दोस्त आधीच बोटीवर होता, त्याच्या मागून १९४१ साली हाही गेला. वय अठरा सांगितलं. आजीच्या हिशेबाने सोळा. युद्ध संपेतो नौदल तीस हजारांच्या घरात गेलं होतं.

पाणसुरुंग काढणाऱ्या बोटीवर तो स्टोकर, म्हणजे बॉयलर सांभाळणारा खलाशी होता. बोटीमागे पोलादी दोर सोडायचा, त्याला कातऱ्या लावलेल्या. तळाशी बांधलेल्या सुरुंगाचा दोर त्यात कापला गेला की सुरुंग वर येऊन तरंगतो. मग डेकवरून रायफलने त्याला उडवायचं. मामा मात्र पाण्याच्या पातळीखाली, बॉयलरपाशी. “मी लढाई पायली नाय गो, ऐकली,” म्हणायचा. स्फोटाचा धक्का पत्र्यातून तळपायांत यायचा आणि त्यावरून सुरुंग किती लांब, हे खालच्यांना कळायचं. आम्ही पोरं त्याचे डोळे बांधून, अंगणात मुसळ आपटून त्याची परीक्षा घ्यायचो.

‘बेंगाल’ची गोष्ट तर तो रंगवून सांगे, स्वतः तिच्यावर नसतानाही. ११ नोव्हेंबर १९४२. ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलहून निघालेली, सुरुंग काढणारी ही आपल्या नौदलाची छोटी बोट, सोबत ‘ओंदिना’ ही डच तेलवाहू बोट आणि समोर दहा हजार टनांवरच्या, तोफा चढवून लढाईला आणलेल्या दोन जपानी व्यापारी बोटी. ‘बेंगाल’वर तोफ म्हणावी अशी एकच. तरी ती तेलवाहू बोटीला निसटायला सांगून स्वतः सरळ अंगावर गेली. जपान्यांची ‘होकोकू मारू’ बुडाली आणि आपल्या दोन्ही बोटी वाचल्या. जिव्हारी लागलेला गोळा नक्की कुणाचा, यावर मतभेद आहेत. मामाच्या घरात नव्हते.

उठावाला तो कधी बंड म्हणाला नाही, ‘संप’ म्हणायचा. नाविकांच्या समितीचं नावही संप समितीच होतं. संपात तो होताच; काढून टाकलेल्यांतही त्याचं नाव आलं. पुढे जन्मभर गिरणीच्या बॉयलरवर काम केलं. उतारवयात संपाबद्दल बोलायला लोक बोलवायचे, शाल-नारळही द्यायचे. युद्धाबद्दल मात्र कुणी विचारत नसे. इंग्रजांची चाकरी, ती काय सांगायची, असा सूर. ते त्याला लागायचं. सुरुंग काय जात-धनी विचारून फुटतो काय, म्हणायचा, आणि गप्प बसायचा.

आपण यावर आणखी लिहावं, एवढीच विनंती. जागेअभावी हे पत्र कापावं लागलं तर मामाचं कापा, ‘बेंगाल’चं ठेवा. त्यानेही हेच सांगितलं असतं.

आपली,
एक जुनी वाचक, दापोली