नुसतं 'आय ७' लिहून गेमिंग पीसी विकू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परीक्षा संपत आल्या की पेपरात, आणि पेपरात घालून येणाऱ्या पत्रकांवर तर जास्तच, 'गेमिंग पीसी, आय ७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, आरजीबी कॅबिनेट, फक्त २४,९९९' असल्या जाहिराती चालू होतात. आमच्या कॉलनीतली पोरं ते पत्रक घेऊन माझ्याकडे येतात, काका घेऊ का विचारतात, मागे बाबा उभे असतात कारण पैसे त्यांचे. माझी मागणी साधी आहे, जाहिरातीत आणि दुकानाच्या कोटेशनवर प्रत्येक पार्टचा पूर्ण मॉडेल नंबर असला पाहिजे, नसेल तर आपण ती जाहिरात घेऊ नये.

आता हा आय ७, म्हणजे इंटेलचा प्रोसेसर, कुठला? विचारलं की बऱ्याचदा ३७७० निघतो, म्हणजे २०१२ सालचा. जुनी मोटरसायकल विकणारासुद्धा निदान साल सांगतो हो, इथे तेवढंही नाही. २०२२ मध्ये आलेला आय ३ १२१००एफ, तोही चारच कोअरचा, गेममध्ये याच्या सरळ पुढे आहे, पण कागदावर आय ३ दिसलं की बाबा नाक मुरडतात आणि दुकानदाराला ते बरोब्बर माहीत असतं. बरं मदरबोर्ड 'नवीन' म्हणून देतात, खोकं नवीन असतंही, पण आत एच६१ चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप), तो २०११ चा.

आणि मुलांच्या दृष्टीने खरी गंमत पुढे आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचाच प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं, हा जुना आय ७ त्यात बसत नाही, तर दुकानात काहीतरी जुगाड करून विंडोज ११ टाकून देतात, चालतंय की म्हणतात, पोरगं घरी येऊन व्हॅलोरंट टाकतं आणि तो गेम विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट (पीसी सुरू होताना होणारी सुरक्षा तपासणी) असल्याशिवाय सुरूच होत नाही. ज्या एका गेमसाठी वर्षभर बाबांच्या मागे लागला तोच नाही चालत, बोला.

'४ जीबी ग्राफिक' हा तसलाच प्रकार. ४ जीबी ही नुसती मेमरी झाली, कार्ड किती दमाचं आहे ते त्यातून कळतच नाही. जीटी ७३० पण ४ जीबीत मिळतं आणि जीटीएक्स १६५० पण ४ जीबीच, दोघांत जमीन अस्मानाचा फरक. अर्धवट नाव लिहिलं तरी फसगत होते, आरटीएक्स ३०५० म्हणाल तर २०२२ चं ८ जीबीवालं १३० वॅटचं आहे आणि २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीवालं ७० वॅटचं, त्यात कोअरही कमी, नाव मात्र तेच ठेवलंय (हे कंपन्यांचं पाप, दुकानदाराला नाही बोलणार). म्हणून म्हणतो पूर्ण नंबर लिहा.

सगळ्यात जास्त राग मला एसएमपीएसचा, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, येतो, कारण तो कुणी बघतच नाही, कॅबिनेटसोबत फुकट आला की सगळे खुश. पुढे मोठ्या अक्षरात ५०० वॅट. बाजूचं लेबल वाचा म्हटलं, १२ व्होल्टच्या खाली १४ अँपिअर लिहिलंय, गुणाकार केला की १६८ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोन्ही मुख्यतः याच १२ व्होल्टवर चालतात. आरएक्स ६६०० सारखं कार्ड एकटं १३२ वॅट घेतं, एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर कागदावरच ६५ वॅटचा, झाले १९७, आणि अजून पंखे, हार्ड डिस्क धरलेलीच नाही. मग ऐन गेममध्ये पीसी रिस्टार्ट होतो, दुकानदार म्हणतो विंडोज करप्ट झाली, फॉरमॅटचे पैसे वेगळे. चांगल्या कंपनीचा ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया जाते याचं प्रमाणपत्र) असलेला घ्या, आरजीबी म्हणजे रंगीत दिव्यांच्या पंख्यांचे पैसे वाचवून घ्या. कॅबिनेट पण समोरून जाळीचं बघा, काचेने बंद केलेलं नको, आमच्या जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो तिथे ते दिवे लावलेलं काचेचं खोकं आतून भट्टी होतं.

पैसे कमी असतील तर नवीन पार्टमध्येही रस्ता निघतो. माझ्या मते बजेटचा तिसरा हिस्सा तरी ग्राफिक कार्डावर गेला पाहिजे, आणि तेवढे आज नसतील तर जुनाट कार्ड उगाच घेऊ नका. रायझन ५ ५६००जी घ्या, ग्राफिक त्यातच आहे, सेटिंग कमी ठेवून व्हॅलोरंट छान चालतो, पुढे पैसे जमले की कार्ड टाका. फक्त यात रॅम एक १६ ची न घेता ८ च्या दोन लावा, कारण ग्राफिकसाठी हीच रॅम वापरली जाते आणि एकच पट्टी असली की फ्रेम धडाधड पडतात. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांमुळे जे भडकले (मायक्रॉनने तर डिसेंबरात क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं) त्यामुळे कुणाकडे जुन्या पीसीतली डीडीआर४ (मागच्या पिढीची रॅम) पडून असेल तर फेकू नका, ५६००जी ज्यावर बसतो त्या एएम४ बोर्डावर ती चालते. त्यापुढच्या एएम५ बोर्डाला डीडीआर५ शिवाय पर्याय नाही, म्हणून तंगीत मी तरी त्या वाटेला जाऊ नका म्हणेन, पुढे अपग्रेड होत असलं तरी.

बिल पक्कंच घ्या. 'जीएसटी वाचवून देतो' म्हणून १८ टक्के सोडणारा वॉरंटीच्या वेळी तुम्हाला ओळखत नाही. बिलावर पण नुसतं 'कॉम्प्युटर सेट १ नग' नको, पार्ट आणि सिरियल नंबर पाहिजेत. फसवलं असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण तक्रारीला हातात कागद लागतो आणि कागदावर 'आय ७' एवढंच असेल तर सांगणार काय, आय ७ तर त्याने दिलाच आहे!

दुकानदार म्हणतात गिऱ्हाईकाला नंबर कळत नाहीत, लिहून उपयोग काय. अहो त्याला नसेल कळत, पण तोच नंबर पोरगं मोबाईलवर टाकून पाच मिनिटांत सगळं शोधतं. आणि तुम्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून माल मागवता तेव्हा शेवटच्या अक्षरापर्यंत मॉडेल नंबर कळवताच ना, तो 'एफ' की 'जी' चुकला तर माल परत पाठवता. तेवढीच ओळ कोटेशनवर येऊ द्या. संपादक साहेब, आपल्या जाहिरात विभागाने मे महिन्याच्या आधी हा नियम लावला तर बरं होईल.

आपला,
एक वाचक, जळगाव