हॅण्डल कुठे आहे ते शेवटी सांगतो

सोहार, ओमान
५ एप्रिल २०२५

तीर्थरूप दादास साष्टांग नमस्कार. मायला दंडवत सांग. वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, विजेची डीपी जळून बारा दिवस झाले, नवी कधी बसेल ते कोणी धड सांगत नाही, आणि केळीची पानं दुपारी मान टाकायला लागलीत. शेततळ्यात पाणी आहे, पण उपसायचं कशाने? म्हणून आबांचं पाणी उपसायचं डिझेल इंजिन काढायचं ठरवलंस. चांगलं केलंस. पण पुढचं ऐकलं आणि माझी झोप उडाली. इंजिन फिरवून सुरू करायचं हॅण्डल सापडत नाही, म्हणून ट्रॅक्टरचा पट्टा चढवून एकदा गरकन फिरवून बघू, असं तुझा थोरला म्हणतोय. त्याला आधी थांबव.

हॅण्डल कुठे आहे ते मला ठाऊक आहे. ते शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर तू पुढचा कागद वाचणार नाहीस. फोनवर सांगावं तर आवाज तुटतो, आणि तू 'हो हो' म्हणत अर्धंच ऐकतोस. म्हणून हाताने लिहून फोटो पाठवतोय. थोरल्याला इंजिनाजवळ बसवून वाचायला लाव.

घाई का नको ते ऐक. इथे आमच्याकडे मागच्या महिन्यात एक जनरेटर आला, कुठल्याशा कॅम्पवर तीन वर्षं नुसता उभा होता. हेडच्या गॅस्केटमधून थेंब थेंब पाणी सिलिंडरमध्ये उतरलेलं, कोणाला पत्ता नाही. नव्या हेल्परने बॅटरी जोडली आणि सेल्फ दाबला. एकदाच 'टक्' वाजलं. उघडलं तर कनेक्टिंग रॉड वाकलेला. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टनला वर जायला जागा नाही आणि खालून जोर चालूच, मग रॉडच जातो. तो जोर सेल्फचा होता, ट्रॅक्टरचा किती असेल? आपल्या इंजिनाचा सायलेन्सर आभाळाकडे तोंड करून आहे, आणि शेडचा पत्रा तिथेच फाटलाय. आठ पावसाळे पाणी त्यात पडलंय.

यात चूक माझी आहे. २०१७ च्या जूनमध्ये, निघायच्या आदल्या दिवशी, शेवटचं मीच चालवलं. टाकी गच्च भरून ठेवली, तेवढं डोकं चाललं, कारण रिकाम्या टाकीला आतून घाम येतो आणि गंज चढतो. पण जॅकेटमधलं, म्हणजे सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पोकळीतलं, पाणी सोडलं नाही, सायलेन्सरवर साधं डबडं उपडं घातलं नाही. आबा असते तर कान पिळला असता. ते दर पोळ्याला, गरज असो-नसो, इंजिन तासभर चालवायचे. बैलांच्या शिंगांना लावून उरलेला गेरू त्याच्या चाकालाही लागायचा. आणि आपण हॅण्डलला झोंबलो की म्हणायचे, "आधी हात फिराव, मंग जोर लाव."

तर आधी हात फिरवायचा. डिझेल फवारणाऱ्या नॉझलभोवतीची माती ब्रशने झाडून घ्या, नाहीतर तीच आत पडते. मग नॉझल काढा आणि त्या भोकातून इंजिन ऑइल आणि डिझेल निम्मं-निम्मं मिसळून चार-पाच चमचे सोडा. रात्रभर राहू दे. सकाळी डिकम्प्रेशनची दांडी (व्हॉल्व्ह उघडा धरून आतला दाब मोडते ती) टाकून चाकाला दोन्ही हातांनी धरा आणि मागे-पुढे डोलवा, पाळणा हलवतात तेवढंच. हललं, की हातानेच दोन-तीन पूर्ण फेरे द्या. भोकासमोर तोंड नेऊ नका, आत पाणी असेल तर पिचकारी उडेल. नाही हललं तर पुन्हा ऑइल आणि आणखी दोन दिवस. घण नाही, लांब पाइप नाही, ट्रॅक्टर तर नाहीच. लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, गंजून चिकटलेल्या पिस्टनच्या रिंगा जोर लावला की तुटतात आणि तुटलेली रिंग लायनर ओरबाडून काढते. मग खर्चाला अंत नाही.

चाक फिरतंय तोवर वरचं झाकण उघडून दोन्ही व्हॉल्व्ह खाली-वर होतात का तेही बघा. एखादा अडकून बसला असेल तर त्याच्या बुडाशी ऑइलचे थेंब सोडा. तसंच रेटलं तर पुशरॉड वाकतो. एअर क्लीनरमध्ये उंदरांनी सरकीच्या कापसाचं घर केलं असेल याची मला खात्री आहे. चेंबरचं ऑइल सोडून द्या. ताकासारखं निघालं तर पाणी मुरलंय असं समजा. नवं भरा, आणि पाच-सहा तास चालल्यावर तेही बदला. इथे काटकसर करू नकोस.

टाकी उघडल्यावर थोरल्याला किळस येईल. तळाला पाणी आणि त्याच्यावर काळी बुळबुळीत साय. पाणी आणि डिझेल भेटतात तिथे बारीक जंतू वाढतात, ती साय त्यांचीच. तू म्हणशील, वरचं गाळून ट्रॅक्टरला घालू. घालू नकोस, ट्रॅक्टरही बसवशील. तळ्याकाठी नाहीतर बांधावर ओतूही नकोस. कॅनमध्ये भरून ठेव, पाने आणि नटबोल्ट धुवायला होईल. टाकी उतरवून, ताज्या डिझेलने तीनदा खळबळून, पालथी घालून निथळू द्या. फिल्टर नवाच आणा.

आणि टाकीच्या झाकणाचं भोक! मधोमध सुईएवढं भोक आहे, कुंभारीण माशीला ते फार आवडतं, माती भरून बुजवून टाकते. मग काय होतं, तर इंजिन झकास सुरू होतं आणि दहा मिनिटांनी आपोआप मान टाकतं. माणूस डिझेलच्या वाटेत अडकलेली हवा, म्हणजे एअर, काढत बसतो. पुन्हा सुरू, पुन्हा दहा मिनिटं. वरून हवा शिरली नाही की खालून डिझेल येत नाही, एवढंच असतं. तुला आठवतं का, मी बारावीला होतो आणि गव्हाला पाणी देताना अख्खी रात्र एअर काढत बसलो होतो? पहाटे आबा आले, झाकण अर्धा आटा सैल केलं आणि काही न बोलता चहाला गेले. त्या रात्रीमुळेच मी या धंद्यात आलो असं मला कधीकधी वाटतं.

एअर काढायची रीत सोपी आहे, क्रम चुकवायचा नाही. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, बुडबुडे थांबून नुसतं डिझेल आलं की आवळा. मग डिझेलच्या पंपावरचा तसाच. शेवटी नॉझलकडे जाणाऱ्या बारीक पाइपाचा नट.

पंपावर मात्र जरा थांबा. बाजूला डिझेल कमी-जास्त करणारा रॅक आहे, तो बोटाने ढकलून बघा. लोण्यातून सुरी जावी तसा सरकला पाहिजे. आठ वर्षं डिझेलचा चिकटा धरून तो जाम बसतो. बंद बाजूला अडकला तर इंजिन लागतच नाही, ते परवडलं. पूर्ण उघडा अडकला तर लागल्यावर फेरे वाढतच जातात, फेरे आवरणाऱ्या गव्हर्नरचं काही चालत नाही. १५०० फेऱ्यांचं मशीन तीन हजारांवर गेलं तर चाकाचे तुकडे गोळीसारखे उडतात. रॅक मोकळा झाल्याशिवाय हॅण्डल मारायचं नाही. शिवाय पहिल्यांदा सुरू करताना एअर क्लीनर काढून ठेवा आणि हवेच्या तोंडावर घट्ट बसेल अशी सपाट फळी एकाच्या हातात द्या. इंजिन सुटलंच तर फळी दाबायची, हवा तुटली की ते मरतं. हात किंवा फडकं लावायचं नाही, ते आत ओढलं जातं.

नॉझल बसवण्याआधी बाहेरच पाइपाला जोडून, तोंड सगळ्यांपासून लांब वळवून, चाक फिरवून बघा. चांगलं नॉझल 'कर्र कर्र' आवाज करतं आणि धुक्यासारखं फवारतं. धार लागली किंवा टपकलं, तर चोपड्याला पंप-नॉझलवाल्याकडे न्या, घरी खरवडू नका. तो २०० किलोच्या प्रेशरवर लावून देईल. आणि थोरल्याला बजावून सांग, फवाऱ्यासमोर बोट धरायचं नाही. त्या दाबाचं डिझेल कातडी भोसकून आत जातं. वरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं, दुखतही नाही, आणि संध्याकाळपर्यंत हात सुजून काळा पडायला लागतो. इथे एकाचं बोट कापावं लागलं, मी डोळ्यांनी बघितलंय. असं काही झालंच तर हळद लावून घरी बसायचं नाही, लगेच मोठ्या दवाखान्यात न्यायचं.

डिझेलला ठिणगी नसते, हवा सोळा-सतरा पट दाबली की ती स्वतःच तापते आणि त्यात डिझेल पेटतं. म्हणून दाब धरतोय का तेही बघा. नॉझल बसवून, दांडी सोडून चाक हळू फिरवलं तर एका जागी त्याने उलट उसळी मारली पाहिजे. नाही मारली तर हवेच्या वाटेने दोन चमचे ऑइल द्या. त्याने उसळी आली तर दोष रिंगांचा, ते चालून चालून मोकळं होतं. तरीही नाही आली तर व्हॉल्व्ह बसत नाहीत. पेट्रोलचा बोळा, स्प्रे असले गावठी उपाय करणारे भेटतील, त्यांना चहा पाजून परत पाठवा.

सुरू झाल्यावर पांढरा धूर येईल, घाबरू नका, गरम झाल्यावर जातो. दहा मिनिटांनंतरही पांढराच राहिला आणि डोळ्यांना झोंबला तर नॉझल, वास न येता वाफेसारखा असेल तर पाणी, निळा असेल तर ऑइल जळतंय. जॅकेटमधून गरम पाणी सतत बाहेर पडतंय ना, त्यावर एकाने डोळा ठेवा. आपलं पाणी क्षाराचं, वाट बुजलेली असू शकते. पाण्याच्या पंपाची ग्लँडची दोरी आणि फुटव्हॉल्व्हचा (पाइपाच्या बुडाच्या झडपेचा) वायसर वाळून गेला असणार, ते दोन्ही आधीच घेऊन या. पहिला अर्धा तास लोड द्यायचा नाही. आणि इंजिन उघड्यावर, तळ्याच्या काठावर ठेवा. पंप पाण्यापासून वीस-बावीस फुटांच्या वर गेला की ओढत नाही, म्हणून आबांच्या काळी लोक इंजिन विहिरीतल्या कट्ट्यावर उतरवायचे आणि त्या धुराने माणसं विहिरीतच राहिली. तुला कोणी तसलं सुचवलं तर ऐकू नकोस.

हॅण्डल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत वळवायचा नाही. उलटा झटका बसला तर अंगठा मोडतो. तीन-चार फेरे जोरात द्यायचे, मगच दांडी सोडायची. तुझा खांदा आता पूर्वीचा नाही, थोरल्याला मारू दे.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, ताई येणारच असेल. ३० तारखेच्या आत बागेला एक पाणी बसायला हवं. मी या वर्षीही नाही येऊ शकत, रजा दिवाळीला टाकलीय. माय बिबड्यांना (ज्वारीच्या पापडांना) लागली असेल तर थोड्या माझ्या नावाने बाजूला काढायला सांग.

आता हॅण्डल. मी गेलो त्या वर्षी तू म्हणालास, पडून पडून काय करतंय, भंगारात देऊन टाकू. माझ्याच्याने काही बोलवलं नाही. पण हॅण्डल नसलेलं इंजिन भंगारवालासुद्धा पाडून मागतो आणि तू पाडून कधी देणार नाहीस, एवढं मला माहीत होतं. जुन्या घरात ज्वारीच्या कोठीमागे भिंतीत कोनाडा आहे, तिथे आबांच्या धोतरात गुंडाळून, ग्रीस लावून ठेवलंय. मायला पहिल्यापासून ठाऊक आहे. तिला मी शपथ घातली होती. हे पत्र तिला वाचून दाखव आणि सांग, सुटली म्हणावं.

तुझा धाकटा